अध्यक्ष नेमली, पण बायका येईनाशा झाल्या

इंदूरमधील एका भगिनींच्या पत्राचा सारांश असा. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई शहरातल्या एका जुन्या मराठी महिला मंडळाच्या कार्यवाह आहेत. बाहेरून येऊन इंदुरात राहिलेल्या स्त्रियांसाठी मंडळाने दोन वर्षांपूर्वी एक साहाय्य गट सुरू केला. त्यात दोन वस्त्यांमधल्या स्त्रिया आहेत. काही जणी झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल आणि भिलाला मजूर स्त्रिया असून बायपासजवळच्या बांधकामांवरच त्या झोपड्या करून राहतात. बाकीच्या पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून आलेल्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू सिंधी कुटुंबांतल्या आहेत. गटाची धुरा ‘त्यांच्यातल्याच’ कुणीतरी सांभाळावी म्हणून मंडळाने एका पस्तिशीच्या, शिकलेल्या आणि छान हिंदी बोलणाऱ्या सिंधी बाईंना अध्यक्ष केले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या सभागृहात बैठक ठरली. सुरुवात चांगली झाली. मात्र गेल्या सहा महिन्यांत मजूर स्त्रिया येईनाशा झाल्या. एकीला विचारले तर ती म्हणाली, “तुमची मीटिंग तुम्ही करा, आमचं आम्ही बघतो.” दुसरीकडे, एका मजूर बाईच्या तक्रारीसाठी पोलिस ठाण्यात सोबत यायला अध्यक्षबाईंनी नकार दिला आणि तेव्हापासून त्याही अवघडून वागतात. मंडळातल्या काही जणींचे म्हणणे आहे की या बायकांना नेतृत्व अजून झेपणार नाही, पाच वर्षे कारभार आपणच पाहावा. पत्रलेखिका विचारतात: अध्यक्ष बदलावी, कारभार परत मंडळाकडे घ्यावा, की गटच बंद करावा?

ताई,

गट मोडकळीला आल्याचे वाईट वाटणे तुम्ही लपवलेले नाही आणि सगळा दोष त्या अध्यक्षबाईंच्या माथी मारून मोकळ्याही झाला नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. तुम्ही पुढे ठेवलेल्या तीन पर्यायांपैकी एकही मला पटत नाही. तिन्ही पर्याय एकाच समजुतीवर उभे आहेत: या स्त्रियांना नेतृत्व मंडळाने द्यायचे, आणि नीट चालले नाही तर मंडळानेच ते काढून घ्यायचे. ही समजूत तपासली तर तुमचा प्रश्नच बराचसा वेगळा दिसू लागेल.

आधी ‘त्यांच्यातलीच’ या निवडीकडे पाहू. अध्यक्ष त्यांच्यातली असावी हा तुमचा आग्रह योग्यच होता. पण ती नेमकी कुणातली? तुमच्या सभागृहात सतरंजीवर शेजारी बसलेल्या या दोन प्रकारच्या स्त्रियांमध्ये ‘बाहेरून आलेल्या’ यापलीकडे समान असे फार थोडे आहे. अलीराजपूरहून आलेली मजूर बाई याच राज्याची रहिवासी आहे, गावच्या मतदार यादीत तिचे नाव आहे, कायद्याने तिला मिळायचे ते सगळे हक्क तिला आहेत. तिची अडचण एवढीच, की तिचे कागद एका जिल्ह्यात आहेत आणि संसार दुसऱ्या जिल्ह्यात. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक, गावच्या पंचायतीतला, शिधापत्रिका गावची, मुलांचे नाव गावच्या शाळेत आणि अंगणवाडीत. त्यात ती इथे कायमची राहायला आलेली नाही. होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाच्या हाटांसाठी, म्हणजे आदिवासी जत्रा-बाजारांसाठी, ती गावी जाते, पावसाच्या तोंडावर मका, कापूस पेरायला जाते, दिवाळीलाही जाते. तिला इंदूर हवे आहे ते मजुरीपुरते, आणि ती मजुरी बुडू नये ही तिची पहिली गरज आहे.

सिंधी बाईंचे प्रकरण मुळातच निराळे. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे बोलताना आपण ज्यांना सहज निर्वासित म्हणतो, त्या नागरिकत्व मिळेपर्यंत कायद्याच्या लेखी परदेशी नागरिकच असतात. त्यांचे सगळे आयुष्य व्हिसाच्या तारखेभोवती फिरते. 2016 मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या अल्पसंख्याकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःच्या राहण्यापुरते घर घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी इंदूरसह काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकारही मिळाले. पुढे 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी निघाले, पण त्याचा लाभ 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेल्यांनाच. म्हणजे एकाच घरातल्या दोन जावांपैकी एक 2013 मध्ये आलेली आणि दुसरी 2016 मध्ये, तर दोघींचा नागरिकत्वाचा रस्ताही वेगळा होतो.

आता पोलिस ठाण्याच्या प्रसंगाकडे या नजरेने पाहा. तुम्हाला तो नकार म्हणजे कच खाणे वाटले. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा सरकारने केला. पण तो खुलासा येईपर्यंत अशा घरांमध्ये काय चालले असेल, त्याचा अंदाज आपण करू शकतो. ज्या बाईची स्वतःची मुदतवाढ पोलिस पडताळणीवर अवलंबून आहे, तिने दुसऱ्या कुणाच्या तक्रारीत, एका ठेकेदाराविरुद्ध, ठाण्यात जाऊन नाव लिहून देणे ही साधी गोष्ट नाही. तुम्ही गेलात तर तुमचा एक तास जाईल. तिने काय पणाला लावावे लागेल, हे तिचे तिलाही ठाऊक नसेल. तिला अध्यक्षपद देताना हे ओझे सोबत येते याचा विचार मंडळात कुणी केला नसावा, आणि तिनेही नाही म्हणायचे कसे, म्हणून ते पत्करले असावे. ज्यांच्या सभागृहात आपण बसतो, ज्या आपले अर्ज भरून देतात, त्यांनी देऊ केलेले पद नाकारणे अवघडच असते.

आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही लिहिता की त्या उत्तम हिंदी बोलतात, पण इतिवृत्ताची वही तुम्हालाच लिहावी लागते आणि त्या फक्त सही करतात. त्यांचे शिक्षण सिंधमध्ये सिंधी माध्यमात झाले असेल, तर त्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीत वाचायला शिकलेल्या असतील. हिंदी कानाने आलेली, देवनागरी मात्र इथे आल्यावर पाटीवर गिरवलेली. अशी बाई अस्खलित बोलते आणि अर्जापाशी आली की गप्प होते. आपल्याला वाटते की तिला लिहिण्याचा कंटाळा आहे. वही त्यांना त्यांच्या लिपीत लिहू द्या, हवे तर शेजारी तुम्ही हिंदीत सारांश लिहा. आपण काय ठरवले हे परत वाचून पाहता येत नसेल, तर अध्यक्षाने नुसती सहीच करायची उरते.

आता मजूर स्त्रियांकडे येऊ. “आमचं आम्ही बघतो” हे वाक्य तुम्हाला झोंबले, आणि ते साहजिक आहे. पण त्या काय बघतात आणि कसे बघतात, हे तुम्ही विचारले का? मंडळातल्या ज्या मैत्रिणींना या बायकांमध्ये नेतृत्व दिसत नाही, त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहिते. मध्य प्रदेशात पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे तुमच्या सतरंजीवर मागच्या रांगेत पदर ओढून बसलेली एखादी बाई गावी पंच किंवा माजी सरपंच असू शकते. सरकारी आजीविका मिशनचे बचत गट, ज्यांना तिकडे ‘समूह’ म्हणतात, गावोगावी आहेत. ठरलेल्या दिवशी बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड आणि हिशेब हे सारे त्यातल्या कित्येकींनी केलेले असते. त्याहून जुनी अशी त्यांची स्वतःची रीत म्हणजे नोतरा. एखाद्या घरात लग्न किंवा मोठी गरज निघाली की नातेवाईक आणि गावकऱ्यांना बोलावणे जाते, प्रत्येक जण आपली रक्कम देतो, कुणी किती दिले ते लिहिले जाते, आणि पुढे त्याच्या घरी वेळ आली की घेतलेल्यात भर घालून परत केले जाते. हलमाही तसाच: एकट्याच्याने न होणारे काम असेल तर हाक द्यायची आणि सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता ते उरकायचे. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर हजारो लोकांनी पाणी अडवण्यासाठी चर खणले ते याच रीतीने. इतकी रुजलेली व्यवस्था सोबत घेऊन आलेल्या स्त्रियांना ‘एकमेकींना मदत करायला शिकवावे लागेल’ असे आपण समजतो, याची मला गंमत वाटते आणि थोडी लाजही.

बैठकीच्या वेळेविषयीही बोलले पाहिजे. बांधकामावर राहणाऱ्या मजुरांना हिशेब काम संपल्यावर मिळतो. दर आठवड्याला हातात पडते ती खर्ची. ज्या दिवशी खर्ची, त्या दिवशी हाट: पीठ, तेल, मिरची, मुलाचे औषध सगळे त्या दुपारी. तो दिवस बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या सुटीचाच असतो, आणि तुमच्या गटातल्या बायकांच्या साइटवर ती सुटी रविवारी असेल तर चार वाजता त्या सभागृहात येणारच कशा? त्यातून सहा महिन्यांमध्ये होळी आणि पेरणी यांपैकी एक जरी येऊन गेली असेल, तर एका बैठकीला अर्ध्या बायका शहरातच नसणार. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागले असेल, आणि दोन-तीनदा तसे लागल्यावर अध्यक्षबाईंनी किंवा आपल्यापैकी कुणी काही बोललेही असेल. मंडळाच्या सोयीने ठरलेला हा दिवस त्यांना विचारून ठरवला असता, तर तुमची निम्मी तक्रार उभीच राहिली नसती असा माझा अंदाज आहे.

याहून मोलाची गोष्ट मजुरीच्या हिशेबाची आहे, आणि इथे मंडळाचा खरा उपयोग होऊ शकतो. पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको मिळून ‘जोडी’ धरली जाते. हजेरी नवऱ्याच्या नावे, खर्ची त्याच्या हाती. बाई दिवसभर घमेली वाहते, पण ठेकेदाराच्या डायरीत ती कुठेच नसते. बांधकाम कामगार म्हणून सरकारी कामगार कल्याण मंडळाकडे नोंद व्हायला वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवसांचे काम लागते. नव्वदच काय, तिने दोनशे दिवस काम केले असेल. दाखवायला मात्र एकही नाही. मग बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिक्षणाची मदत, अपघाताची भरपाई हे सगळे तिच्या हातचे जाते. प्रत्येकीच्या नावाची छोटी डायरी, तीत तारीख, साइट, ठेकेदाराचे नाव, दिवसाचा दर आणि मिळालेली खर्ची, एवढे नियमित लिहिले गेले तरी पुष्कळ आहे. बायकांना लिहिता येत नसेल तरी साइटवर चौथी-पाचवी शिकलेले पोर सापडतेच. पण हे काम मंडळाने घरोघर फिरून करू नये. साइटवरची एक बाई ते करील, आणि ती कोण हे त्याच ठरवतील.

इथे गुजरातेतली एक हकीकत आठवते. 1971 मध्ये अहमदाबादच्या कापड बाजारात हातगाड्या ओढणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या काही स्त्रिया मजूर महाजन या कापड गिरणी कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत आल्या. त्यांना राहायला जागा हवी होती. तिथल्या महिला विभागाच्या प्रमुख इला भट्ट त्यांच्यासोबत त्यांच्या वस्तीवर गेल्या. तिथे डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायका भेटल्या आणि मजुरीत होणारी फसवणूक त्यांनी सांगितली. इलाबेननी वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापाऱ्यांनी उलट लेख छापून, आम्ही वाजवी दर देतो, असा दावा केला. तेव्हा महिला विभागाने वाद घालण्याऐवजी व्यापाऱ्यांचा तो दावाच कार्डांवर छापला आणि बायकांच्या हाती दिला. मजुरी ठरवताना त्या ते कार्ड पुढे करू लागल्या. पुढे बागेत भरलेल्या एका सभेत स्वतःची संघटना काढावी ही सूचना जुने कपडे विकणाऱ्या बायकांमधून आली आणि 1972 मध्ये ‘सेवा’ नोंदली गेली. यात शिकलेल्या बाईने काय केले ते पाहा: ऐकले, लिहिले, छापून दिले. भाव मात्र गठ्ठेवालीनेच केला. दोन वर्षांनी, 1974 मध्ये, चार हजार स्त्रियांनी दहा-दहा रुपये भांडवल घालून सेवा बँक उभी केली. ‘यांना पैशाचा हिशेब जमणार नाही’ असे तेव्हाही म्हटले गेलेच असेल.

तुमच्या मंडळातल्या ‘पाच वर्षे आपणच चालवू’ म्हणणाऱ्या मैत्रिणींच्या मनातली भीती मी पूर्ण चुकीची मानत नाही. पैसे मंडळाच्या देणगीदारांचे आहेत, काही गैर झाले तर उत्तर तुम्हाला द्यावे लागेल. शिवाय वस्तीतले नेतृत्व आपोआप भले असते असेही नाही. बांधकामावर मजूर आणणारा मेट, त्याची बायको किंवा मेहुणी हीच अनेकदा सर्वांच्या वतीने बोलते, आणि ठेकेदाराविरुद्धची तक्रार तिच्यापाशीच विरून जाते. सिंधी वस्तीतही समाजाच्या पंचायतीतल्या वजनदार घरची बाई पुढे येते आणि एकट्या विधवेचा अर्ज मागे राहतो. पण पाच वर्षे स्वतः चालवून यावर तोड निघत नाही. पाच वर्षांनंतर तुम्ही थकलेल्या असाल आणि त्या तेव्हाही ‘अजून झेपणार नाही’ अशाच दिसतील, कारण झेपवून पाहायची संधीच आलेली नसेल.

इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली घराणीही परमुलखातच आली होती. चिपळूणच्या सुमित्राताई महाजन लग्नानंतर इंदूरला आल्या, 1989 पासून आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून गेल्या आणि लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या सुमारे 45 कोटी स्थलांतरितांमध्ये स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच होते; तुमच्या मंडळातही लग्न होऊन नागपूर, पुणे, जळगावहून आलेल्या कितीतरी असतील. अर्थात हे उदाहरण अर्ध्यावरच सोडायला हवे. आपल्याला इथे सासरचे घर, आपली भाषा बोलणारी माणसे आणि कागदपत्रे आयती मिळाली. त्यांना यातले काहीच मिळालेले नाही.

मग करायचे काय? माझे मत असे, की गट एक ठेवू नका. दोन गट होऊ द्या, प्रत्येकाची बैठक त्याच्या वस्तीत, त्याच्या वेळेला, त्याच्या भाषेत. सभागृह मोठे प्रसंग असतील तेव्हा वापरा. दोन्ही गटांना एकत्र आणणारे विषय निघतील, मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा, आणि तेव्हा त्या एकत्र येतील; दर महिन्याला एकत्र बसवून ते होत नाही.

सध्याच्या अध्यक्षबाईंना काढू नका. आधी त्यांना एकटीला, मंडळाबाहेर, त्यांच्या घरी जाऊन भेटा. पोलिस ठाण्याचा विषय तुम्हीच काढा आणि सांगा की असे काम यापुढे त्यांच्यावर पडणार नाही. मग विचारा, की सिंधी वस्तीच्या गटापुरते त्यांना काय करायला आवडेल. व्हिसाच्या मुदतीच्या तारखांची वही ठेवणे, कोणत्या अर्जाला कोणता कागद लागतो हे घरोघर सांगणे, मुलींना शाळेत घालताना सोबत जाणे, यांपैकी कशातही त्या तुमच्यापेक्षा सरस ठरतील. त्यांनी ‘मला नको’ म्हटले तर तेही मान्य करा. आभार मानून, चारचौघींत, अपमान न होता. प्रत्येक बाईकडे तिच्या स्वतःच्या कागदपत्रांची एक प्रत असावी, नवऱ्याच्या कपाटात असलेल्या मूळ प्रतींखेरीज, हेही त्यांच्यामार्फत होईल तर फार बरे.

मजूर स्त्रियांच्या बाबतीत अध्यक्ष निवडायच्या भानगडीत लगेच पडू नका. साइटवर जा, संध्याकाळी चुली पेटतात त्या वेळी, आणि आठ-दहा जणींना वेगवेगळे एकच विचारा: रात्री मूल तापाने फणफणले तर आधी कुणाच्या झोपडीत जाता? आणि खर्ची कमी आली तर कुणाला सांगता? पहिल्या प्रश्नाला दोन-तीन नावे पुन्हापुन्हा येतील. दुसऱ्या प्रश्नाला मेटाच्या बायकोचे नाव आले तर लक्षात ठेवा, की दवाखान्याच्या कामासाठी ती उत्तम असेल, मजुरीच्या तक्रारीसाठी नाही. ही नावे जाहीर करू नका, त्यांना हार घालू नका. त्यांना फक्त विचारा, की पुढची बैठक कधी आणि कुठे घ्यायची, आणि त्या सांगतील तेव्हा जा. भगोरियाला बैठक नसणार, हे वर्षाच्या आरंभीच वहीत लिहून टाका.

पैशाचे म्हणाल, तर एक छोटी रक्कम प्रत्येक गटाच्या हाती द्या, दवाखाना आणि गावी जायच्या भाड्यासारख्या तातडीच्या खर्चासाठी, आणि ती कुणाला द्यायची हा निर्णय पूर्णपणे त्यांचा ठेवा. महिन्याला हिशेब दाखवायचा, एवढीच अट. एखादी रक्कम परत येणार नाही, एखाद्या वेळी तुम्हाला न पटणाऱ्या बाईला मदत जाईल. ती आपल्याला पटलेली नाही म्हणून परत हात घालू नका. घातलात की सगळे पहिल्यासारखे होईल.

मंडळाने स्वतःकडे ठेवायची कामे वेगळी आहेत, आणि तीही थोडी नाहीत. पोलिस ठाणे, कामगार कार्यालय, कलेक्टर कचेरी, अंगणवाडी इथे जाऊन उभे राहणे, कारण तिथे तुमचे नाव आणि तुमचा आवाज चालतो आणि तुमचे काही जात नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाला वर्षातून दोनदा वस्तीत आणा. कामावर लैंगिक छळ झाला तर 2013 च्या कायद्याप्रमाणे असंघटित क्षेत्रातल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची असते, हे साइटवर जवळजवळ कुणाला माहीत नसते. घरातल्या मारहाणीसाठी 181 हा क्रमांक आहे. अंगणवाडीत बाळाची नोंद गावाहून इथे वर्ग करता येते. शिधापत्रिका गावची असली तरी धान्य इथे उचलता येते. हे सगळे तुम्ही शोधून काढा, एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दोन्ही गटांना द्या. सिंधी गटासाठी त्याच पानाची त्यांच्या लिपीतली प्रत तुमच्या अध्यक्षबाईच लिहून देतील.

वडोदरा आणि ग्वाल्हेरच्या ज्या मंडळांतून अशी पत्रे येतात त्यांच्यासाठी: दाहोद-पंचमहालातून वडोदऱ्याला येणारी मजूर स्त्री गुजरातचीच असते, पण तिच्याच शेजारी झाबुआहून आलेली दुसऱ्या राज्याची असते. दोघी एका बोलीत बोलतात, एका हाटाला जातात, पण त्यांच्या योजना आणि कार्यालये वेगळी असतात. गट करण्याआधी कोण कोणत्या राज्याची, एवढे विचारून घ्यायला विसरू नका.

गट बंद करण्याचा पर्याय तुम्ही शेवटी लिहिलात. तुम्ही साइटवर जाऊन विचारल्यावरही मजूर स्त्रियांनी, ‘आम्हाला तुमचा गट नको, फक्त खर्ची बुडाली तर सोबत या,’ असे सांगितले, तर गट जरूर बंद करा आणि तेवढ्यासाठी जात राहा. त्यात मंडळाचे काही कमी होत नाही. वार्षिक अहवालात ‘बैठका’ हा रकाना रिकामा दिसेल, आणि तुमच्या कार्यकारिणीला ते खटकेल हे मला कळते. त्या रकान्याऐवजी किती जणींची बुडालेली मजुरी मिळाली आणि किती जणींची कामगार म्हणून नोंद झाली हे लिहायला सुरुवात करा. पुढच्या वर्षीच्या सभेत चर्चा त्यावर होऊ द्या.